खण मोजून बांधलेली घरे

धुळ्यात किंवा जळगावात प्लॉट घेतलेले कुटुंब आज नव्या घराविषयी बोलू लागते, तेव्हा चर्चा हॉल केवढा, किचन कुठे आणि बेडरूम किती यांवर होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच कुटुंबाने सुताराला बोलावले असते आणि पहिला प्रश्न ‘किती खणांचे?’ एवढाच असता. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. तीन खणांचे, पाच खणांचे असे म्हटले की घराचा आकार, खर्च, लागणारे लाकूड आणि मालकाची ऐपत सगळे एका दमात कळे. कोणत्या खणात कोण झोपणार, कुठे दाणे ठेवणार, हे त्या आकड्यात नसे. खरेदीखतात आणि वाटणीपत्रात घराचे वर्णन येई तेही असेच : इतके खण, आणि पूर्वेला, पश्चिमेला, दक्षिणेला, उत्तरेला कोणाचे काय. खोल्यांची नावे त्या कागदांना लागत नसत. खानदेशातल्या जुन्या घरांकडे आपण बहुधा हवामानाच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या नजरेने पाहतो. माझे म्हणणे असे, की या घराची आखणी समजून घ्यायची तर वाटणीच्या नजरेने पाहावे लागते. हे घर पुढे कधीतरी भावाभावांत कापले जाणार हे गृहीत धरूनच ते उभे राहत होते.

हे कसे घडे, ते बांधणीतच दिसते. जोत्यावर दगडी उथळा, उथळ्यावर सागाचा खांब, खांबांच्या डोक्यावर तुळई, तुळयांवर जवळजवळ बसवलेल्या कड्या, कड्यांवर आडव्या काटक्यांचा किंवा फळ्यांचा थर, त्यावर पाला आणि शेवटी मातीचा जाड थर. हे झाले धाबे. मृग लागण्याआधी वरून खारी माती टाकायची, तडे बुजवायचे, पन्हाळ साफ करायचे. धाब्याचा सगळा भार खांब घेतात. मधल्या भिंती भार घेत असल्या तरी थोडाच, त्यामुळे त्या उभारणे-पाडणे घरच्या माणसांच्या हातातले काम. तुळई किती लांब मिळते आणि वरच्या मातीचे ओझे किती पेलते, यावर खण ठरे. लाकूड सातपुड्याच्या अंगाने येई. तळोदे ही तेव्हा खानदेशातली लाकडाची सर्वांत मोठी पेठ होती, आणि बैलगाड्या बनवण्यातही तिचेच नाव होते. लाकूड उतरणार बैलगाडीतून, डोंगरपायथ्याच्या वाटांनी. गाडीत मावेल आणि दोन बैल ओढतील एवढ्याच लांबीचे नग गावोगाव पोहोचत असणार, हा माझा तर्क. पण एका गावचा खण दुसऱ्या गावच्या खणाशी मिळताजुळता का राही, याचे दुसरे सोपे कारण मला दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, खण तर सगळ्या देशावर मोजत. पेशवाईतल्या पुण्यातली घरेही खणांतच मोजली जात. मग यात खानदेशाचे वेगळे ते काय? आक्षेप रास्त आहे. वेगळेपण येते ते वरच्या धाब्यामुळे. उतरत्या छपराच्या घराला आढे असते आणि आढ्याने घराची रुंदी जखडून टाकलेली असते. कोकणातल्या घराला वाढायचे तर पडवी काढत जावे लागते, आणि प्रत्येक पडवीगणिक छप्पर खाली येत जाते. शेवटी वाकून आत शिरायची पाळी येते. असे घर मधोमध कापायचे ठरवले, तर पाण्याची पन्हळ कुठे काढायची हा पेच आधी उभा राहतो. धाब्याला आढेच नाही. पाचव्या खणाला सहावा जोडायचा तर शेजारी आणखी एक खांबांची रांग, वर तुळया, कड्या आणि माती, काम संपले. मागे वाढवा, बाजूला वाढवा, शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवा; पाण्याला हलकासा उतार आणि एक पन्हाळ दिले की भागते. म्हणून तर जुन्या गावठाणांत धाब्याला धाबे लागून अख्खी आळी एका सपाटीत येई. कुरडया-पापड वाळवणाऱ्या बायका आणि उन्हाळ्यात उघड्यावर झोपणारी माणसे एका घराच्या धाब्यावरून दुसऱ्याच्या धाब्यावर सहज जात.

सपाट धाबे जिथे संपते, तिथे हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. धुळे-जळगावच्या मैदानात पाऊस साधारण ५०० ते ७५० मिलिमीटर पडतो, आणि मातीचे धाबे एवढा पाऊस सोसते. पश्चिमेला साक्री ओलांडून नवापूरकडे निघाले की पाऊस १,००० मिलिमीटरच्या वर जातो आणि घरांची छपरे उतरती होतात. भिल्ल, मावची, कोकणी या आदिवासींच्या वस्त्यांतली घरे कुडाच्या भिंतींची, वर कौले किंवा गवत, आणि सुटीसुटी, आपापल्या आवारात. मुलाचे लग्न झाले की त्याच आवारात किंवा शेतावर वेगळे घर उभे राहते. बापाचे घर कापत बसत नाहीत. एकाच मुलखात पाऊस बदलला, छप्पर बदलले आणि त्यासरशी घर वाढायची आणि विभागायची रीतही बदलली. हवामानाने धाबे दिले हे खरेच. धाब्याचा उपयोग कशासाठी करायचा, हे मात्र वारसाहक्काने ठरवले.

खण मोजत बांधलेल्या या घराला दोन दिशा होत्या आणि दोन्हींचे नियम निराळे होते. बाहेरून आत जाताना क्रम ठरलेला : ओटा, ओसरी, माजघर, सैपाकघर, मागे न्हाणी आणि परसदार. ओट्यावर कोणीही टेकावे, ओसरीत पाहुण्याने बसावे, माजघरात घरच्यांनी, आणि चुलीपर्यंत कोणी जायचे ते जात, नाते आणि सोवळे पाहून ठरे. या क्रमात कोणी हात घालत नसे. आडव्या दिशेला मात्र कसलेच बंधन नव्हते, तिथे नुसते खण मोजायचे. म्हणून वाटणीची रेघ नेहमी रस्त्यापासून परसापर्यंत उभी ओढली जाई. समजा सहा खणांची ओळ आहे आणि भाऊ तीन. प्रत्येकाला दोन खण, आणि त्या दोन खणांत ओट्याचा तुकडा, ओसरीचा तुकडा, माजघराचा तुकडा आणि मागचे परस हे सगळे येते. दोन ठिकाणी खांबांच्या रांगेत मातीची किंवा विटांची भिंत घालायची, पुढे दोन नवी दारे पाडायची, आणि तीन पुरी घरे तयार. पुढे एका भावाला पैसा लागला तर तो आपले दोन खण दुसऱ्याला विकी, आणि मधली भिंत पुन्हा निघे. चूल मातीची, तीन दगडांची. ती कोणत्याही खणात एका दिवसात मांडता येई. पाणी विहिरीवरून किंवा नदीवरून घागरीने येई, त्यामुळे सैपाकघराला घरात अमुकच जागा हवी असे काही नव्हते. धान्याचे बळद किंवा पेव हलवता येत नसे, आणि वाटणीत त्यावरून हटकून कुरबुर होई. पण त्याच्या बदल्यात कोणी एखादे भांडे, कोणी परसातले झाड घेऊन मिटवी.

यावर दुसरा आक्षेप येतो तो एकत्र कुटुंबाचा. खानदेशात तर मोठमोठी एकत्र कुटुंबे होती, वाटणी हा अपवाद, मग अपवादासाठी कोणी घर आखेल का? इथे एक जुना आकडा पाहण्यासारखा आहे. इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर १८१९ मध्ये धुळ्याची मोजणी झाली, तेव्हा ४०१ घरांत २,५०९ माणसे राहत होती. म्हणजे घरटी सव्वासहा माणसे. आई-बाप, मुले आणि एखादी विधवा आत्या किंवा म्हातारी आजी एवढ्यातच हिशेब संपतो. त्याआधीची पंधरा-वीस वर्षे या मुलखाला फार वाईट गेली होती, हे विसरून चालणार नाही. १८०२ मधली होळकरी फौजांची लूट, लागलीच १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. गावेच्या गावे ओस पडली होती. त्यामुळे त्या आकड्यावर फार भार टाकता येत नाही. पण तो बाजूला ठेवला तरी साधा हिशेब राहतो. मोठे एकत्र कुटुंब हा घराच्या आयुष्यातला एक टप्पा असतो. बाप हयात आहे, मुलांची लग्ने झाली आहेत, नातवंडे लहान आहेत, अशी काही वर्षे ते टिकते. बाप गेला की पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वेगळे होणे ठरलेलेच. हिंदू वारशाच्या मिताक्षरा कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा वाटा जन्मापासून असतो आणि तो मागताही येतो. असा कायदा डोक्यावर असताना घर बांधणारा माणूस वाटणीचा विचार करत नसेल, असे मानणे म्हणजे त्याला फारच भोळा समजणे.

गढ्या आणि चौकाचे वाडे या नियमात बसत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. देशमुख, जहागीरदार, मोठे सावकार यांची घरे चौकाभोवती बांधलेली, एकच दिंडीदरवाजा, एकच विहीर, जाड भिंती. दरोड्याच्या भयाने आणि मानाच्या हौसेने ती तशी झाली. असे घर उभे कापता येत नाही, कारण चौक आणि दरवाजा सगळ्यांचा. वाटणीनंतर चार घरे त्या एकाच चौकात उघडतात, दिंडीची डागडुजी कोणी करायची यावर वर्षे जातात, आणि शेवटी पावसाळ्यात एक बाजू बसते. पडक्या गढ्यांची कारणे सांगताना आपण राजसत्ता गेली, वतने गेली असे म्हणतो. भागीदार वाढले आणि कोणीच दुरुस्ती केली नाही, हे कारण त्यांच्या जोडीला ठेवावे लागेल. कुणब्याचे किंवा वाण्याचे पाच खणांचे घर पाच वेळा कापले गेले आणि नांदत राहिले.

शहरांनी या पद्धतीत पहिला बदल केला. इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले, तेव्हा ते पांझरा नदी आणि एक पाट यांच्यामध्ये दाटलेले, भोवती बागायत असलेले लहानसे गाव होते. त्याने जुन्या गावालगत नवी पेठ आखली, लांबून कारागीर आणवले, व्यापाऱ्यांना बोलावले, घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या आणि पक्की घरे बांधायला आगाऊ रकमाही दिल्या. सरळ रस्त्यांच्या त्या आखणीची खूण अजून पत्त्यांत आहे. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असे पत्ते सांगणारी शहरे महाराष्ट्रात थोडीच. जळगावची वाढ पुढची, कापसाची. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे खानदेशी कापसाला भाव आला, त्याच सुमारास रेल्वे आली आणि जळगाव बाजारपेठ झाली. जुन्या जळगावापलीकडे नवी पेठ, बळीराम पेठ, भवानी पेठ अशा वस्त्या वाढल्या. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची, जळगावची १८६४ ची. गल्ली आखलेली आणि जागा मापून दिलेली म्हटल्यावर घराची रुंदी दोन्ही बाजूंनी बंद झाली. गावठाणात जो सहावा खण जोडता येत होता, तो पेठेत शेजाऱ्याचा निघाला. मग घर मागे वाढले आणि वर चढले. खाली दुकान किंवा वखार, वर माडी, पुढे लाकडी सज्जा. वाटणीची रेघ मात्र जुनीच, उभी. पिढ्यांमागून पिढ्या ती ओढली गेल्यावर एक किंवा दीड खण रुंद आणि चांगलीच खोल अशी घरे उरली. पुढचे दार उघडले की उजेड ओसरीपर्यंत येतो, आणि मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो.

या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्याशिवाय तिचे कौतुक करता येत नाही. अंधार पडला तो माजघरात आणि सैपाकघरात, जिथे बायका दिवस काढत. धूर जायला धाब्याला ठेवलेले एक भोक, तेही पावसात झाकलेले. तुराट्या-पळाट्यांच्या जाळावर भाकरी भाजणारीच्या डोळ्यांचा विचार वाटणीपत्रात कुठे नसे. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी घरोटावर म्हणजे जात्यावर आणि चुलीवर गाणी रचली. ओटा आणि ओसरी पुरुषांची, घरोट आणि चूल बाईची, हे त्या काळच्या घराचे खरे विभाजन होते, आणि ते खणांत मोजले जात नव्हते. मुलींना तर खणच नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला, पण त्यातल्या कलम २३ ने राहत्या घराची वाटणी मागण्याचा हक्क रोखून धरला. भाऊ स्वतः वेगळे होईपर्यंत तिने थांबायचे. हे कलम २००५ मध्ये गेले. तोवर घर कापायचे ते भावांनी, असाच कायद्याचाही समज होता.

वास्तुशास्त्राचे काय, असा प्रश्न आज कोणी विचारेलच. विषम खण शुभ मानायचे, दार मधल्या खणात घ्यायचे, चूल अमुक कोपऱ्यात, देव अमुक दिशेला, हे संकेत होते आणि पाळलेही जात. पण पाच खणांचे घर दोघा भावांत वाटताना अडीच-अडीच खण येतात आणि मधले दार जाते. अशा वेळी शास्त्र बाजूला ठेवून खांबाच्या रांगेत भिंत घातली गेली, आणि अर्ध्या खणाची भरपाई पैशाने किंवा परसाच्या जागेने झाली. जुन्या आळ्यांत एकाच ओळीतली दारे एकमेकांना न जुमानता कशीही उघडलेली दिसतात, ती त्यामुळे. सध्या जेवढी वास्तूची चिंता घर बांधणाऱ्याला असते, तेवढी त्याच्या पणजोबाला असावी असे या दारांकडे पाहून वाटत नाही.

खरा बदल आणला तो रेल्वेने, सिमेंटने आणि नळाने, पण सारख्या प्रमाणात नाही. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. त्यानंतर पत्रे, मंगळुरी कौले, लोखंडी गर्डर आडवाटेच्या गावांनाही मिळू लागले. दुसरीकडे जंगल कायद्यांनी सातपुड्याचे सागवान महाग केले. लाकूड सुटले तशी खणाची मर्यादाही सुटली. सिमेंटचा स्लॅब आला आणि मातीच्या धाब्याची वार्षिक निगा संपली. इथे एक जाणकार आक्षेप घेऊ शकेल, की आर.सी.सी. घरही खांबांच्या चौकटीवरच उभे असते, भिंती भार घेत नाहीत, मग तेही खणांसारखेच कापता यायला हवे. चौकट तशी आहे, हे बरोबर. घर जखडले ते नळाने. सैपाकाचा ओटा, सिंक, न्हाणी, संडास, खालची टाकी आणि त्यांना जोडणारे पाइप यांनी घरातल्या दोन-तीन जागा कायमच्या ठरवून टाकल्या. अशा घरात उभी रेघ ओढली, की एका भावाच्या वाट्याला हॉल आणि बेडरूम येते, दुसऱ्याच्या वाट्याला किचन आणि संडास. १८९३ च्या वाटणीच्या कायद्यात कोर्टाला अधिकार आहे, की मिळकत सोयीस्करपणे कापता येत नसेल आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक हिश्शाच्या वाटेकऱ्यांनी मागणी केली, तर ती विकून पैसे वाटावेत. धाब्याच्या घराला तो अधिकार वापरायची पाळी क्वचित यावी. आजच्या वन बीएचकेला दुसरा मार्गच नाही.

तरी खानदेशी माणसाने वाटणीचा हिशेब सोडलेला नाही. त्याने रेघ आडवी केली आहे. धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या नव्या कॉलन्यांत फिरताना दुमजली घरांचा जिना पुष्कळदा घराबाहेर, फाटकाच्या बाजूला काढलेला दिसतो. आतून जिना घेतला तर हॉलची शोभा वाढेल हे आर्किटेक्ट सांगतो, मालक ऐकतो आणि जिना बाहेरच ठेवतो. वर-खाली नकाशा तोच : तेच किचन, तिथेच संडास, नळ एका रेषेत. गच्चीवर खांबांच्या सळ्या दोन-तीन फूट उघड्या सोडलेल्या असतात, उद्याच्या मजल्यासाठी. आज वर भाडेकरू, पुढे धाकटा मुलगा. जुने उभे भाग बरोबरीचे होते, हे आडवे भाग तसे नाहीत. खालच्याला अंगण आणि विहीर किंवा बोअर, वरच्याला उन्हाळ्यात तापणारा स्लॅब आणि गळतीची काळजी. स्लॅब गळू लागला की खर्च कोणाचा, टाकीत पाणी चढवायची मोटार कोणाच्या मीटरवर, हे नवे तंटे आहेत, आणि खांबांच्या रांगेत भिंत घालून ते मिटत नाहीत. शिवाय २००५ पासून बहिणीचाही सारखाच वाटा आहे. दोन मुलगे आणि एक मुलगी असलेल्या घरात प्लॉटचा नकाशा मंजुरीला जातो, तेव्हा कायद्याने मुलांमधले वाटेकरी तीन असतात. मजले अजूनही दोनच काढले जातात, आणि बाहेरचा जिना एकच.